शेवटच्या खोलीत दोघं लागतात

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. वयाने नव्हे, दिसण्याने. सारं जग केसांना कलप लावून तरुण दिसायची धडपड करत असताना मला मात्र मुद्दाम म्हातारा करण्यात आलं. ज्या संगणकावर घोड्याच्या आयाळीतला एकेक केस हलवता येतो, त्याच संगणकावर माझा घोडा सहा चौकोनांचा आहे आणि पळताना त्याचे दोनच पाय हलतात. उरलेले दोन कुठे गेले, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. माझं संगीत डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखं वाजतं. हे सगळं साधायला दोन शहाण्या माणसांची चार वर्षं गेली.

ही दोन माणसं म्हणजे एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ. लहानपणी दोघं बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून तासन्‌तास खेळत. मोठेपणी दोघांना नोकऱ्या लागल्या, पाठी दुखू लागल्या, आणि मग त्यांना माझी आठवण आली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण माणसांना न घडलेल्याचीही आठवण येते. ताईने चित्रं काढली, धाकट्याने आज्ञावली लिहिली. आईच्या घरातली मागची खोली हा त्यांचा कारखाना होता.

मी जुन्या खेळांची टिंगल करणारा खेळ आहे. माझा नायक राजकन्येला सोडवायला निघतो, तेव्हा राजकन्या बुरुजाला स्वतःच कुलूप लावून कामावर गेलेली असते. नायकाने डोक्याने वीट फोडली की भिंतीतून गवंडी बाहेर येतो आणि म्हणतो, "बापाची भिंत आहे का रे?" राक्षस आडवे येतात, पण त्यांची कामाची पाळी संपली की अर्ध्या मारामारीतून घरी जातात.

आणि शेवटच्या खोलीच्या अलीकडे मी बंद पडतो.

म्हणजे बंद पडल्याचं सोंग करतो. चित्र फाटतं, पट्टे येतात, भुंगा एकाच सुरावर अडकतो. पूर्वी असं झालं की ही दोघं यंत्रातली कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारत आणि पुन्हा बसवत. माझ्यात कॅसेट नाही, म्हणून संगणकाच्या माइकवर फुंकर मारायची, की मी पुन्हा सुरू. फक्त हे कुठेही लिहिलेलं नाही.

"खाली एक ओळ टाकू या का?" धाकट्याने तेव्हाच विचारलं होतं.

"आपल्याला कोणी सांगितलं होतं फुंकायला?" ताई म्हणाली. "सांगितलं की गंमत गेली."

ताई मोठी होती, त्यामुळे वाद तिथेच मिटला.

माझं कौतुक खूप झालं. एका परीक्षकाने 'बालपण परत मिळालं' असं लिहिलं. तो दुसऱ्या टप्प्यावरूनच परतला होता, पण बालपणाला तेवढं पुरलं असावं. टक्कल पडू लागलेली माणसं मला विकत घेत, थोडा वेळ खेळत, डोळे पुसत आणि निघून जात. जे नेटाने पुढे आले, त्यांना मी बंद पडलेला दिसलो. मग तक्रारींचा पाऊस पडला. खेळ अर्धवट आहे. बनवणाऱ्यांना लाज नाही. सोंग इतकं हुबेहूब वठलं होतं, की एकानेही फुंकर मारली नाही.

"तुझ्या हट्टापायी चार वर्षं मातीत गेली," धाकटा म्हणाला.

"मग टाक की तुझी ओळ! 'इथे हसा' असंही लिही खाली," ताई म्हणाली. तिने बॅग उचलली आणि ती आपल्या घरी, दुसऱ्या गावी, निघून गेली. त्याने रागाने ओळ टाकलीच नाही. दोघांचं बोलणं थांबलं. जे काही लागे ते आईमार्फत. "त्याला सांग, माझी पुस्तकं पाठव." "तिला सांग, येऊन ने."

मित्रांनो, हजारो संगणकांवर राहूनही एकटं पडता येतं, हे मी त्या दिवसांत शिकलो. शेजारी कुठे हिशेबाचं काम चाले, कुठे लग्नाचे फोटो उघडत. माझ्यावर माउसचा बाण यायचा, क्षणभर रेंगाळायचा आणि पुढे जायचा. आत शेवटची खोली तशीच होती. तिच्यात कोणाचं पाऊल पडलं नव्हतं. माझा शेवटचा खलनायक तिथे कमरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याला पाहायला कोणी नव्हतं.

एका दुपारी धाकटा कामावर गेल्यावर त्याची आई संगणकापुढे येऊन बसली. चष्मा पुसत म्हणाली, "बघू तरी, कशापायी एवढा अबोला धरून बसलीत." मुलाला मला सुरू करताना तिने अनेकदा पाहिलं होतं.

तिच्याइतकं वाईट मला कोणीच खेळलं नाही. नायक खड्ड्यात पडला की ती "अगं बाई, लागलं का?" म्हणायची. राक्षसांना वाट करून द्यायची. मग ताईला फोन.

"अगं, तो गवंडी जाऊच देत नाही."

"आई, तू खेळतेयस? त्याच्या डोक्यावरून उडी मार."

"वयस्कर माणूस आहे गं तो!"

बऱ्याच दुपारी गेल्या. अखेर ती माझ्या सोंगापाशी आली. पट्टे आले, भुंगा अडकला. ती थोडा वेळ बघत राहिली. "हे तर तेच," ती पुटपुटली. "जांभळी होईपर्यंत फुंकायची दोघं. थुंकी उडते म्हणून मी ओरडायचे." मग तिने इकडेतिकडे पाहिलं, पुढे वाकली आणि फुंकर मारली.

दार उघडलं.

शेवटची खोली म्हणजे त्यांचीच बैठकीची खोली. टीव्ही, सतरंजी, आणि दारात कमरेवर हात ठेवलेली खलनायिका. आई.

"एवढी जाड होते मी?" ती म्हणाली. पडदाभर तीच होती. ताईने प्रमाणाचा विचार केला नव्हता.

पण खोलीत पुढे जायला दोन खेळाडू लागतात. एका सतरंजीवर, शेजारी शेजारी. दुरून खेळायची सोय माझ्यात नाही. जुनं दिसायचं तर गैरसोयही जुनीच हवी ना. आईने फोन उचलला. "रविवारी ये. मी अडकलेय. एकटीच्याने होत नाही."

ताई आली. धाकट्याने तिला बसायला जागा दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. खेळ सुरू झाला. खलनायिकेला मारलं की ती आणखी मोठी होते. दोघांनी हातातलं बटणांचं यंत्र स्वतःहून खाली ठेवलं, तरच जिंकता येतं. हे त्यांनीच रचलेलं, तरी दोघं मुद्दाम मारत राहिली.

"डावीकडून घे, गाढवा," ताई म्हणाली.

"तूच आडवी येतेस दर वेळी!"

चौकोनी आई पडद्यावर गरजली, 'बंद करा आता!' ताईने यंत्र ठेवायला हात खाली नेला. तेवढ्यात मागे उभी असलेली खरी आई म्हणाली, "राहू दे गं. खेळा अजून."

त्यानंतर दोघं रोज फोनवर बोलू लागली. नोकरीवर, पाठदुखीवर, आईच्या गुडघ्यांवर. माझ्यावर क्वचितच. भांडण मिटलं, तसा माझा विषयही मिटला. तक्रारी आता येत नाहीत. तक्रार करायलाही कोणाला तरी खेळावं लागतं.

कधी कधी दुपारी आई मला उघडते. शेवटच्या खोलीपर्यंत येते आणि तिथे नुसती बसून राहते. दुसरा खेळाडू नसतो, त्यामुळे पुढे काही घडत नाही. मी भुंगा हळू वाजवत ठेवतो.

मित्रांनो, तुम्हाला जुन्या दिवसांची फार आठवण आली, तर माझ्यासारखा खेळ जरूर विकत घ्या. पण आधी, तेव्हा शेजारी कोण बसायचं ते आठवा आणि त्याला फोन करा. मला केला नाहीत तरी चालेल. माझ्याकडे फोन नाही.