सात थेंब

टोपली घसरली आणि भाट्याच्या गुणवंतीची सुकट मोटारीच्या पुढ्यात सांडली, तेव्हा लवू क्षणभर विसरला की आपण तेली आहोत. फणसाच्या झाडामागून तो धावत आला, ओंजळी भरभरून सुकट टोपलीत घातली, टोपली तिच्या हातात दिली आणि मान वर केली, तर समोर हरिश्चंद्र ड्रायव्हरचा चेहरा. मोटारीतली माणसंही एकमेकांकडे बघू लागली.

सकाळी सातला पालीची मोटार सुटायच्या आधी लवूने झाडामागे जाऊन उभं राहायचं, हा हरिश्चंद्राने घालून दिलेला नियम होता. निघताना तेली आडवा आला की काम बिघडतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि लवूलाही लहानपणापासून ठाऊक होतं. मोटार धुवायला त्याचे हात चालत, सकाळी तिच्यात पाणी भरायलाही चालत, फक्त निघतेवेळी तोंड चालत नसे. लोकांचं असंच असतं. समईत तेल हवं, पण ते काढणारा समोर नको.

ते साल चौतीस. गिरणीचं तेल स्वस्त झालं, घाण्याचा बैल म्हातारा होऊन मेला आणि दुसरा घ्यावा असं काही उरलं नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं म्हणतात; लवूच्या हाती मोटार पुसायचं फडकं आलं. पन्नाशीच्या माणसाला मोटारीचे मालक दाजीशेट यांनी काम दिलं, हेच त्याला पुष्कळ वाटत होतं. वर्षभर तो मुकाट्याने झाडामागे जात राहिला.

आणि सुकट सांडली नेमकी त्याच दिवशी मोटार हातखंब्याच्या चढणीवर बंद पडली. उतारूंनी ढकलत वर नेली. खरं म्हणजे महिनाभर ती मागून निळा धूर ओकत होती, आचके देत होती. पण दोष द्यायला धुरापेक्षा माणूस सोयीचा. दुपारी परत आल्यावर हरिश्चंद्राने दाजीशेटना सांगून टाकलं की लवू राहणार असेल तर मी नाही. दाजीशेट वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे मोटार एकच होती आणि ड्रायव्हरही एकच. उद्याचा दिवस ये, परवापासून येऊ नकोस, असं त्यांनी लवूला जमिनीकडे बघत सांगितलं.

दिवेलागणीला मथुरा दिव्यात उंडीच्या बियांचं तेल घालत होती. लवूने बायकोला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता इतके दिवस पोटात ठेवलेलंही बाहेर आलं. हरिश्चंद्र महिनाभर रोज मोटार शेटच्या घरासमोरच्या स्टँडच्या उतारावर लावतो, नाक खाली करून, म्हणजे सकाळी हँडल न मारता गडगडत सुरू व्हावी. उतरल्या उतरल्या, इंजिन तापलेलं असतानाच, तेल मोजायची सळई उपसून बघतो. तेल कमी दिसतं. मग वरून ओततो. रोज ओततो. ते जादा तेलच जळून निळा धूर होऊन निघतं.

"तेल खाली येवच्या आदीच माप घेतो तो," लवू म्हणाला. "आनि उतारावर तां एका अंगाला पळतां. दिसनार कसा?"

मथुरेचा हात थांबला. त्यांच्या घरात मापाची एक रीत होती. तेल ओतलं की माप गिऱ्हाइकाच्या भांड्यावर उपडं धरायचं, आणि शेवटचे सात थेंब निथळल्याशिवाय सरळ करायचं नाही. तेल अंगाला धरून राहतं. त्याला घाई चालत नाही.

"मामंजी सात थेंब पडल्याबिगर माप सरळ करायचे नाय," ती म्हणाली. "आनि तुमी महिनाभर गप बसलाव?"

हरिश्चंद्र मुंबईला शिकून आलेला, माझं कोण ऐकणार, असं लवू पुटपुटला.

"गप बसून नोकरी ऱ्हायली काय?"



दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार आली. हरिश्चंद्राने सळई उपसली, कपाळाला आठी घातली आणि तेलाच्या डब्याला हात घातला. जायचंच आहे तर बोलून जाऊ, एवढाच विचार लवूने केला.

"वाईच थांबा," तो म्हणाला. "तेल अजून वर हाय."

हरिश्चंद्राचा हात रागापेक्षा आश्चर्यानेच थांबला. ओटीवरून दाजीशेट खाली आले. लवूने एकच मागणं केलं, की मोटार शेटच्या अंगणात घ्यावी, कारण आसपास तेवढीच सपाट जागा होती. पण अंगण आवडाबाईंनी, म्हणजे शेटच्या आईने, सकाळीच सारवलेलं. त्या दारात आल्या. आता म्हातारी कडाडणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी लवूकडे नीट निरखून बघितलं आणि विचारलं, तू घाण्यावाल्या भागोजीचा ना?

"याच्या बापसाचा माप कदी खोटा निगाला नाय," त्या मुलाला म्हणाल्या. "येवंदे मोटार. सारवान मी परत."

लवूने परात काठोकाठ पाण्याने भरून अंगणात ठेवली. पाणी विहिरीच्या बाजूला सांडलं. परात पुन्हा पुन्हा भरत, सरकवत त्याने अशी जागा शोधली, जिथे पाणी कुठल्याच काठावरून सांडेना. तिथे मोटार उभी करून इंजिन बंद केलं, आणि मग सगळे थांबले. आवडाबाईंनी विडा लावला, चघळला, दुसरा लावला. हरिश्चंद्र येरझारा घालत होता.

मग लवूने सळई काढली, फडक्याने कोरडी पुसली, पुन्हा तळापर्यंत घातली आणि सावकाश उपसून आडवी धरली. सळईवर दोन रेघा होत्या. तेल त्यांच्या मध्ये असायला हवं. ते वरच्या रेघेच्याही चार बोटं वर होतं.

हरिश्चंद्राने सळई हिसकून घेतली. स्वतः पुसली, घातली, काढली. पुन्हा एकदा तेच केलं. मग तो मोटारीच्या पायरीवर बसला.

"मुंबयला सायबाची गाडी होती," तो म्हणाला. "सायब जेवायला गेला की तासभर उभी. मंग मी तेल बघायचो. उतार तिथं कुठला? माप बरोबर यायचं, म्हणून मला वाटलं मला येतं."

लवूला त्याची दया आली. ज्या माणसाने वर्षभर त्याला झाडामागे ठेवलं, त्याचीच. आवडाबाईंनी दिलेल्या जुन्या कळशीत दोघांनी जादा तेल काढलं, आणि तेलाने काजळलेले इंजिनाचे प्लग घासून साफ केले. मोटार रात्री अंगणातच राहिली.

सकाळी लवू आला खरा, पण ये म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि येऊ नको हेही मागे घेतलं नव्हतं. त्याने पाणी भरलं. उतारू अंगणाकडे येऊ लागले तसा तो सवयीने फणसामागे गेला.

सात वाजले. मोटार सुटेना. भोंगा वाजला. पुन्हा वाजला.

"लवू, पुढं ये," हरिश्चंद्राने हाक मारली. "तेल बघ आनि सांग."

पालीला कज्ज्यासाठी निघालेला एक पागोटेवाला उठायला लागला. तेल्याचं तोंड बघून कज्ज्याला जाऊ की काय, असं तो शेजाऱ्याला म्हणाला.

"उतरायचं तर उतरा," हरिश्चंद्र म्हणाला. "यानं बघितल्याबिगर ही गाडी हलायची नाय."

"माजी सुकट यानंच वेचलीन," गुणवंती मागून म्हणाली. "त्या दिशी पालीत सगळी खपली." मग पागोटेवाला खाली बसला.

लवू सगळ्यांच्या समोरून चालत मोटारीपुढे आला. सळई काढली, पुसली, घातली, काढली. तेल दोन रेघांच्या मध्ये होतं.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

सपाटीवर हँडल मारण्यावाचून गत नव्हती, आणि हँडल मारायचं तर मोटारीच्या अगदी पुढ्यात उभं राहावं लागतं. लवूने दोन्ही हातांनी ते फिरवलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं. मोटार त्याच्या अगदी जवळून वळून रस्त्याला लागली, आणि मागे निळा धूर दिसला नाही, फक्त तांबडी धूळ. ती त्याच्या डोक्याखांद्यांवर बसली. त्याने झटकली नाही.

मग फडकं वाळत घालायला तो फणसाशी गेला. वर्षभर उभं राहून राहून झाडामागचं दोन पावलांपुरतं गवत मेलं होतं. पावसाला अजून महिना होता. पाऊस पडला की पुन्हा उगवेल, असं लवूला वाटलं.