बिळापुढची झाडलेली वाळू

व्हर्नेलचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. सापांची गणती करणारी मिस प्रिचर्ड तिसऱ्यांदा तिच्या पाइनच्या रानात आली होती, आणि आजही काही दिसलं नाही तर वहीत ‘इंडिगो साप नाही’ असं लिहून जाणार होती. नाही म्हणे! दक्षिण जॉर्जियात जो तो कासवांच्या बिळांत पेट्रोल ओतून आत दडलेले विषारी रॅटलर साप हुसकायचा, त्यात बिचारे बिनविषारी इंडिगोही मेले. तिच्या बापाने मात्र कुणाला बिळाजवळ फिरकू दिलं नाही. वर्षाआड गवत जाळायचं, कासवांना कोवळा चारा फुटू द्यायचा, बस्स. आणि त्याच्या रानात ‘नाही’?

“ताई, तू बघतेस तो साधा काळा रेसर साप गं,” धाकटा भाऊ होझिया दात काढत म्हणाला. “चाळीस वर्षं चर्चमध्ये इंडिगोच्या नुसत्या बाता मारतेयस.”

“तोंड आवर आणि चल.”

काल संध्याकाळी तिने मोठ्या बिळापुढची वाळू खराट्याने लख्ख झाडून ठेवली होती. घरचं अंगणही ती असंच झाडायची, कोण सरपटत गेलं ते कळावं म्हणून. आज त्या वाळूवर एक माग उमटला होता. तीन बोटं रुंद, नागमोडी, आत गेलेला.

“रॅटलर असला तर?” मिस प्रिचर्ड वाकून बघत होती.

“एवढा थोराड रॅटलर सरळ जातो, पोरी. आणि रेसरचा माग असतो करंगळीएवढा. बसा आता गप.”

ऊन चढलं. होझियाची न्याहारी संपली, जांभयाही देऊन झाल्या. तो उठणार तोच बिळातून काळं डोकं बाहेर आलं, गळ्याशी तांबूस. मग अंग येतच राहिलं, चांगलं सहा-सात फूट, उन्हात निळं चमकणारं. घाई नाही, गडबड नाही. जमीन आपल्याच नावावर असल्यासारखा तो वाळूवर पसरला.

मिस प्रिचर्डने वही उघडली. “मालकाचं नाव?”

“एमॉस टिल्मन. आमचे बाबा,” व्हर्नेल म्हणाली.

“पण मिस व्हर्नेल, ते तर तीस वर्षांपूर्वीच वारले...”

“लिहा हो!” होझियाने टोपी काढली होती. “पंधरा वर्षांचा होतो मी. पेट्रोलचा डबा घेऊन याच बिळाशी आलो होतो. बाबा बिळाच्या तोंडाशी बसले, अंधार पडेपर्यंत उठले नाहीत.”

व्हर्नेल त्याच्याकडे बघतच राहिली. हे तिलाही माहीत नव्हतं.

“ठळक लिही, पोरी,” ती म्हणाली.