उटणं लावलेला शेजारी

मित्रांनो, मी एक म्हातारा, लंगडा, पांढरा उंदीर आहे. दोन वर्षांचा झालो, म्हणजे आमच्या हिशेबाने काठी टेकायचं वय. एक गोष्ट आधीच कबूल करतो, मी स्वभावाने मत्सरी आहे.

माझा जन्म सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. लहानपणी पिंजऱ्याचं झाकण पडून माझा मागचा पाय कायमचा गेला. "लंगडा काय कामाचा?" असं तिथले साहेब म्हणाले. तेव्हा शिपाई रुद्रप्पांनी मला टोपीत घालून घरी आणलं. साबणाच्या खोक्याला जाळी ठोकून घर केलं. अंथरायला शेजारच्या हातमागावरचं तुटकं सूत, कुरतडायला कडक भाकरी. लंगड्या पायामुळे मला एक कान खाजवता येत नसे, तो रुद्रप्पा रोज बोटाने खाजवत. ते बोट माझं एकट्याचं होतं.

यंदा, चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी, ते कॉलेजातून आणखी एक उंदीर घेऊन आले. काळ्या डोक्याचा, चारही पाय धड.

"एकटा झुरतोय बिचारा, जोडीदार पायजे त्याला," ते आपल्या आईला, काशम्माला म्हणाले.

मी कुठला झुरतोय? चांगला मजेत होतो.

रुद्रप्पांनी खोक्याच्या मधोमध जाळी बसवली. इकडे मी, तिकडे तो. एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी ते माझं सूत त्याच्याकडे टाकत, त्याचं माझ्याकडे. मी ते कोपऱ्यात लोटून द्यायचो. तो मेला जाळीवर सरसर चढून दाखवायचा, आणि रुद्रप्पा कौतुकाने त्याच्या पाठीवरून बोट फिरवायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी खोटं कशाला बोलू, आठ दिवसांनी मला त्याच्या सुतातही झोप लागू लागली.

नरक चतुर्दशीला जाळी काढायचं ठरलं. रुद्रप्पा पहाटे आंघोळीला गेले तेवढ्यात काशम्मा आली.

"घरात नवा जीव आलाय, पयल्या दिवाळीला बिनआंघुळीचा कसा ठिवायचा?" असं म्हणत तिने त्याला तेल लावलं, उटणं चोळलं, न्हाऊ घालून पदराने पुसलं. मला कुणी विचारलंही नाही. रुद्रप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी येऊन जाळी काढली.

समोर आला तो कुणी परकाच. ओळखीचा वास साफ धुऊन गेलेला. मी घाबरलो, पण भीतीपेक्षा जळफळाट मोठा होता. मी त्याचा कान फाडला. चार धड पाय असून तो उलटला नाही, कोपऱ्यात दबून बसला.

"न्हाय जमायचं ह्यांचं," रुद्रप्पा म्हणाले. "सुट्टी संपली की ह्याला माघारी न्हेतो."

माघारी म्हणजे कुठे, ते मला पक्कं ठाऊक होतं. तिथल्या टेबलावर नेलेले माझे भाऊ कधी परत आले नव्हते. आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, मला आनंद झाला.

काशम्मा मात्र कपाळाला हात लावून बसली. "चूक माजी हाय, रुद्रप्पा. त्याला न्हाऊ घातलं, ह्या लंगड्याला इसरले. माणसंबी भांडली असती की."

तिने मला मांडीवर घेतलं. लंगड्या पायाला सावकाश तेल चोळलं, मग तेच उटणं लावलं. पुन्हा जाळी आली, पुन्हा सुताची अदलाबदल. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी जाळी निघाली, तेव्हा तो भीत भीत आला आणि फाटका कान माझ्यापुढे करून थांबला. मी तो हुंगला, वास ओळखीचा होता. मग तो कान चाटला.

आता तो मला खेटून झोपतो. मित्रांनो, घरात नवा जीव जरूर आणा. पण त्या दिवशी आधी जुन्याला जवळ घ्या. नाहीतर जुन्याच्या मनात काय येतं, ते मी तुम्हाला सांगितलंच आहे. त्याला मात्र अजून सांगितलेलं नाही.