मनगटाचं माप

थोरलीने सुतारकामाच्या नव्या टेबलाचे चारही पाय कापले आणि तिचे वडील उसळले. "चार बोटं आखूड? बाहुल्यांसाठी करतेयस की काय?"

वडील जन्माचे सुतार, ताडमाड उंच. त्यांच्या टेबलावर रंधा मारायला थोरलीला खोक्यावर उभं राहावं लागे. वीस वर्षं ती तशीच शिकली, दोनदा तोंडावर आपटलीही. आता स्वतःच्या घरात स्वतःचं टेबल करताना ती तसूभरही मागे हटणार नव्हती.

"ताठ उभं राहिल्यावर मनगट येतं तेवढी टेबलाची उंची. तुम्हीच शिकवलंत ना, बाबा?"

"शिकवलं, पण..." बाबांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग तिच्या.

एकही खिळा न मारता, खाचेत खुंट्या ठोकून तिने टेबल उभं केलं. बाबांनी वाकून दोन हात रंधा मारला आणि कंबर धरली. "कंबरडं मोडेल यावर!"

"तुमचं मोडेल. माझं नाही."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. हत्यारं ठेवायला तिने आणलेला तोच जुना खोका कोपऱ्यात होता. तो त्यांनी ओढला, त्यावर बसले आणि म्हणाले, "मार रंधा. मी बघतो."