शिगेयोची पाठराखीण

मी सेमान बोलतेय. बोलण्यावरून तुम्हाला कुणी बाईमाणूस वाटेल, पण मी हातातल्या यंत्रावर खेळायच्या एका खेळातलं जनावर आहे. जात योरोनामी, राहणं समुद्रात. पाठीवर कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या कवचाच्या पाट्या, पुढे एक जाडजूड नांगी, आणि शेपूट असं की आपटलं की समोरचा जीव पडद्याच्या कडेला जाऊन पडतो. ऐकायला मोठी भयंकर, बघायला मात्र नखाएवढी. रंगही शेवाळी, तोसुद्धा फिका.

मला घडवलं कुणी ते मी पाहिलेलं नाही. दूर शहरात एका खोलीत बसून कुणीतरी ठिपक्याला ठिपका लावला, रांगोळी काढावी तसा. पाठीच्या मधल्या पाटीवर त्यानं एक चांदणी काढली. का काढली ते त्याचं त्याला ठाऊक. माझ्यासारख्या योरोनामी घरोघरच्या खेळाच्या कॅसेटींत होत्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर तीच चांदणी. पण ती ओळखणारी माणसं मला भेटली, हे माझं भाग्य.

आमचं गाव शिमाच्या किनाऱ्यावर. मला पकडणारी तोमोए तेव्हा पाचवीत होती. तिची आई शिगेयो आमा, म्हणजे छातीत श्वास भरून समुद्राच्या तळाशी जायचं, खडकाला चिकटलेली शिंपली पहारीनं उचकटायची आणि वर यायचं, हे तिचं काम. वर आली की ती तोंडानं एक लांब शीळ घालायची. कोंडलेला श्वास हळूहळू सोडायची त्या बायकांची ती रीतच. बाप दूरच्या बोटीवर, त्यामुळे शाळा सुटली की तोमोए सरळ आमांच्या खोपटात यायची. मध्ये विस्तव पेटलेला, भोवती ओल्या केसांच्या बायका, कुणी रताळं भाजतेय, कुणी कंबर शेकतेय. तिथे कोपऱ्यात बसून ती खेळायची.

"काय गं ती टिकटिक मघापासून?" ओकिनु मावशी म्हणाली. खोपटातली सगळ्यांत जुनी आमा ती.

"योरोनामी शोधतेय मावशी. सगळा समुद्र पालथा घातला, मिळतच नाही."

"समुद्र पालथा घातला म्हणे. बाहेर एवढा मोठा पडलाय त्यात कधी गुडघा भिजवला नाहीस."

बायका हसल्या. शिगेयो केस पुसता पुसता वाकली आणि तिनं पडद्यावर नजर टाकली. "उजेडात कशाला भटकतेस? कवचाचं जनावर उघड्यावर बसेल का? त्या खडकाच्या मागच्या अंगाला जा की."

तोमोए खडकामागे गेली, आणि मी तिथेच होते.

पकडल्यावर नाव द्यायचं असतं. तोमोएनं माझ्या पाठीकडे पाहिलं आणि आईच्या डोक्याच्या फडक्याकडे पाहिलं. त्या फडक्यावर जांभळ्या दोऱ्यानं एक चांदणी भरलेली होती. ती हात न उचलता एका रेघेत काढायची असते. जिथून रेघ निघाली तिथेच परत येते. बुडी मारणारीनंही तसंच परत वर यावं म्हणून. त्या खुणेला तिकडे सेमान म्हणतात. तेच माझं नाव झालं.

यानंतरची गोष्ट सांगताना मला अजून हसू येतं, आणि हसून झालं की वाईट वाटतं.

एकदा समुद्र खवळलेला म्हणून शिगेयो घरी होती. हाताला काम नाही, तेव्हा लेकीचा खेळ घेऊन बसली. बटणं दाबता दाबता तिला तोमोएची पेटी सापडली. पकडलेली सगळी जनावरं आम्ही त्या पेटीत असायचो. शिगेयोनं एकेक बघायला सुरुवात केली. कुणी कोळंबीएवढं, कुणी बेडकाच्या पिल्लाएवढं. ती आपल्याशी पुटपुटली, "अरेरे, केवढीशी पकडलीत पोरीनं." आमांचा नियम असा की शिंपलं मापपट्टीपेक्षा लहान भरलं तर ते पुन्हा समुद्रात ठेवून यायचं. तो तिच्या हाडात भिनलेला. पेटीत 'सोडा' असं बटण होतंच. तिनं एकेकाला सोडायला घेतलं, अगदी मायेनं, "जा बाबा, मोठा हो" म्हणत. माझ्यापाशी येऊन थांबली. माझी नांगी बघितली. "ही मापाची आहे," म्हणाली आणि पेटी बंद केली.

तोमोए शाळेतून आली. पेटी उघडली, तर आत एकटी मी.

"आई, बाकीची कुठायत?"

"लहान होती गं. समुद्रात सोडली. पुढच्या वर्षी मोठी होऊन येतील."

तोमोएनं पेटी मिटून पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाली, "आई, तिथे समुद्र नाहीये."

शिगेयोला ते कळायला वेळ लागला. मला आधीच कळलं होतं, कारण मी पेटीत होते आणि ती जाताना पाहत होते. ती कुठेही गेली नाहीत. होती, आणि मग नव्हती. त्या संध्याकाळी शिगेयो जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात ती कुठूनसं कुणीतरी वापरलेलं एक यंत्र, एक कॅसेट आणि दोन यंत्रं जोडायची तार घेऊन आली. "आता मी तुझ्या खेळात हात घालणार नाही. माझं मला शिकव," म्हणाली. शिकते कसली. सुरुवातीचा सगळा खेळ तोमोएनंच भराभर खेळून दिला. मग दोघींनी तारेनं यंत्रं जोडली, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला काळ सुरू झाला.

सकाळी शिगेयो समुद्रावर निघाली की तोमोए मला तारेतून आईकडे पाठवायची. "सेमान, आईबरोबर जा." ते यंत्र खोपटाच्या फळीवर, विस्तवाच्या उबेला राहायचं. संध्याकाळी मी परत. पाठराखीण सासरी जाते आणि माघारी येते, तशी माझी रोजची ये-जा. एकाच्या बदल्यात एक द्यायचं असा आमच्यात नियम, म्हणून शिगेयोकडून एक बारकी कोळंबी उलट्या वाटेनं जायची. तारेच्या मध्यावर आमची गाठ पडायची.

आमच्यात आणखी एक नियम आहे. जिनं पकडलं तिचं नाव जन्मभर अंगावर राहतं, आणि परक्या हाताचं, त्या हाताशी लढाया जिंकून मिळवलेले बिल्ले नसतील तर, आम्ही ऐकत नाही. शिगेयोजवळ कुठले बिल्ले? दुपारी भाकरतुकडा खाऊन ती मला लढाईत उतरवायची, "मार शेपूट" म्हणायची, आणि मी झोपायचे. माझा इलाज नव्हता.

"शिगेयो, तुझा खेकडा पुन्हा डाराडूर," ओकिनु मावशी म्हणायची.

"घरात एक ऐकत नाही, ही दुसरी," शिगेयो म्हणायची. मी खेकडा नाही, हे मला कितीदा सांगावंसं वाटलं.

पोरं वाढतात. एका उन्हाळ्यात तोमोए आईबरोबर पाण्यात उतरली. कान धरून वर आली आणि म्हणाली, मला जमणार नाही. शिगेयो हसली, पण आतून हसली नाही. गावातल्या पोरी एकेक करून शहराकडे चालल्या होत्या. शाळा संपली तशी तोमोए केस कापायचं शिकायला नागोयाला निघाली.

बसच्या थांब्यावर तिनं पिशवीतून तार काढली. "आई, सेमानला ठेव तुझ्याकडे."

"मला कशाला? वर यायला मला तुझं खेळणं लागत नाही."

तोमोएनं तार गुंडाळून पिशवीत टाकली. बस आली.

नागोयात मी बिस्किटांच्या डब्यात गेले. जुन्या किल्ल्या, एक तुटका कंगवा आणि मी. अंधाराचं मला काही वाटत नाही, मी तळाचंच जनावर. पण आवाज तेवढा कानात राहिला होता, ती लांब शीळ. डब्यात पडल्या पडल्या मी ती आठवायचे. घरं बदलली, डबा बदलला नाही. माझ्या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढी बॅटरी आहे, तिच्यावर माझा जीव. ती झिजताना मला कळायचं. आधी शेपटाचं वजन कमी झाल्यासारखं वाटलं, मग नांगीचं.

किती वर्षं गेली कोण जाणे. एक दिवस झाकण उघडलं. वर तोमोएचा चेहरा होता, बाईमाणसाचा झालेला. कानाला फोन, आणि फोनमध्ये शिगेयोचा म्हातारा झालेला आवाज.

"ती आहे का गं अजून? माझ्या कॅसेटमधलं तर सगळं पुसलं गेलंय."

"आज अचानक काय झालं, आई?"

"मागच्या आठवड्यात वर यायला जरा उशीर झाला. काही नाही, जराच."

"आई, आता पाण्यात जाणं पुरे कर."

"ते तुला विचारलं नाही. विचारलंय ते सांग."

तोमोएनं यंत्र लावलं. मी पडद्यावर आले, पण फिकी. जुन्या खेळांच्या दुकानात तिनं दाखवलं, तर दुकानदार म्हणाला, "हिची बॅटरी आज जाईल नाहीतर महिन्यानं, पण जाणार. बदलायला काढली की आतलं सगळं पुसलं जाईल. वाचवायची तर आधी दुसऱ्या कॅसेटमध्ये पाठवा. हवी तर माझ्याकडे."

"परक्याकडे नको," तोमोए म्हणाली.

शिगेयोच्या कॅसेटमध्ये पुसायला काही उरलंच नव्हतं. ती मागवून घेऊन तोमोएनं तिच्यात नवी बॅटरी बसवली. पण माझ्यासाठी तिथलं दार उघडायचं तर खेळ पहिल्यापासून खेळून जनावरांची अदलाबदल होते त्या बोटीच्या धक्क्यापर्यंत पोचायला हवं होतं. बॉनच्या सुट्टीत तोमोए गावी आली. त्या दिवसांत पूर्वज घरी येतात म्हणून कुणी समुद्रात उतरत नाही. शिगेयोचे हात मोकळे होते.

"दे इकडे, मी दुपारपर्यंत करते," तोमोए म्हणाली.

"मागच्या वेळी तूच केलंस. म्हणून मला काही आलं नाही." शिगेयोनं चष्मा चढवला. "बस तिकडे. कलिंगड काप."

ती खेळायची कशी सांगू? भिंतीला धडकत, एकाच माणसाशी तीनदा बोलत. सुरुवातीला एक जनावर मिळतं, तिनं दिवा तोंडात धरलेला ढोम्या मासा घेतला. त्याच्याशी दिवसभर बोलायची. तोमोए बाजूला बसून बोटं मोडायची, पण हात घालायची नाही.

रोज सकाळी तोमोए माझी कॅसेट लावून मी आहे ना ते बघायची. सुट्टीच्या शेवटच्या सकाळी यंत्र लावलं, तर पडद्यावर नुसतं 'नवा खेळ'. मी आत होते, पण मला माझं नाव आठवत नव्हतं. तोमोएनं बंद केलं. कॅसेट काढून फुंकली, फडक्यानं पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावली तेव्हा कुठे मी वर आले.

"आई, आता बंद केलं तर ही परत येणार नाही. आजच काय ते."

शिगेयो धक्क्याची वाट अडवणाऱ्या नावाड्याशी लढत होती आणि हरत होती. "डोक्यावर बसू नकोस. माझा श्वास चुकतो." ती पुन्हा हरली. मग तिनं डोळे मिटले, पाण्यात उतरण्याआधी मिटते तसे, आणि उघडून एकेक बटण सावकाश दाबलं. ढोम्यानं दिवा भडकवला. नावाडी बाजूला झाला.

तार जोडली. एकाच्या बदल्यात एक.

शिगेयोकडे दोनच जीव होते. मोठा झालेला ढोम्या, आणि कालच वाटेत सापडलेली बारकी कोळंबी. तोमोए म्हणाली, "कोळंबी पाठव आई. इकडे येईल त्याचं काही खरं नाही. माझी कॅसेट संपल्यातच जमा आहे."

शिगेयोचं बोट थांबलं. "म्हणजे तिथे समुद्र नाही."

"नाही."

"मग लहान कसं पाठवू? लहान मागे ठेवायचं असतं." तिनं ढोम्याकडे बघितलं. इतके दिवस त्याच्याशीच बोलत होती. "तू मापाचा आहेस बाबा," असं म्हणून तिनं बटण दाबलं.

तारेच्या मध्यावर आमची गाठ पडली. त्याचा दिवा पेटलेला होता. त्यानं वाट दिली आणि मी पुढे गेले.

इकडे सगळं लख्ख होतं. नवी बॅटरी, पाठीवर पाट्यांचं पूर्ण वजन. शिगेयोनं चष्मा वर करून मला पाहिलं. माझ्या अंगावर पकडणारीचं नाव तसंच होतं, तोमोए. शिगेयोनं मला लगेच लढाईत उतरवलं. "मार शेपूट."

मी झोपले. नियमच आहे तसा.

दोघी इतक्या हसल्या की तोमोएच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघ," शिगेयो म्हणाली, "अजून तुझ्यावरच गेलीय." मग तोमोए काहीतरी बोलायला लागली, बहुतेक तेच, पाण्यात जाणं पुरे कर म्हणून. पण तिनं नुसतंच खोपटात जाऊन फडक्यानं फळीवरची धूळ पुसली आणि मला तिथे ठेवलं. "सेमान, आईबरोबर जा," एवढंच म्हणाली. मग बस गाठायला निघाली.

सध्या मी फळीवर असते. ओकिनु मावशी नाही आता, तिची जागा विस्तवाजवळ रिकामी ठेवतात. बायकाही कमी झाल्यात. दुपारी शिगेयो एकेक बिल्ला मिळवतेय, फार सावकाश. मी ऐकेन तेव्हा ऐकेन. तुमच्या घरी एखाद्या डब्यात कुणी पडलं असेल, तर झाकण उघडून बघा. आम्हाला वेळ फार नसतो, आणि सांगताही येत नाही.

आता ती पाण्यात गेलीय. विस्तव धुमसतोय. हल्ली ती खाली पूर्वीपेक्षा जास्त वेळ राहते की मलाच तसं वाटतं, कोण जाणे. मी कान लावून बसलेय.

शीळ आली. आली वर.