भिंगरीच्या पोटऱ्या

माझ्या नवऱ्याच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. खेळाडूंच्या क्लबात ते मालिश करायचे. लंगडत आलेले धट्टेकट्टे गडी हसत बाहेर पडायचे. घरी मात्र हा माणूस इकडची काडी तिकडे करायचा नाही, आणि माझं डोकं फिरायचं.

भिंगरी आमची एकुलती एक, सात वर्षांची. तिला फ्लू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी सकाळी पोरगी भिंतीला धरून, टाचा न टेकता चालायला लागली. "आई, पोटऱ्या खूप दुखतायत गं."

मला वाटलं, शाळा बुडवायची नाटकं. तरी नवऱ्याला टोमणा मारलाच, "जगाचे पाय दाबता, लेकीचे दाबले तर हात झिजतील का?"

ते मुकाट्यानं उठले. तेल कोमट केलं, चांगला अर्धा तास चोळलं. ती कळवळली तेव्हा म्हणाले, "आधी दुखतं, मग मोकळं होतं. पैलवानसुद्धा रडतात, राणी." संध्याकाळी पुन्हा चोळलं. तेही मीच सांगितलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिला कोऱ्या चहासारखी लघवी झाली. तिला उचलून आम्ही दवाखाना गाठला.

"तापाच्या विषाणूमुळे पायांचे स्नायू तुटतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते सगळं रक्तात उतरलंय, किडन्या बंद पडतायत. पाय कोणी चोळले होते का?"

"मी," माझे यजमान म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातले. मी तोंडातून शब्द काढला नाही. माझी मलाच किळस आली.

"चोळले नसते तरी कदाचित हेच झालं असतं," बाई म्हणाल्या, आणि थांबून पुन्हा, "कदाचित." ते दुसऱ्यांदा म्हणाल्या नसत्या तर त्यांचं काय बिघडलं असतं?

रक्त शुद्ध करायचं मशीन लावलं. तिचे बाबा दाराशीच उभे राहायचे, हात खिशात. तिसऱ्या दिवशी सकाळी ते खाली औषधं आणायला गेले, तेव्हा भिंगरीनं मला जवळ बोलावलं.

"आई, बाबांना सांग, पाय मोकळे झाले."

"झाले?"

"नाही गं. पण सांग."

दुपारी तिचं हृदय थांबलं.

मशीन बाजूला घेतल्यावर मी त्यांना निरोप सांगितला.

"खरंच म्हणाली?"

"हो."

तेव्हा कुठे त्यांनी हात खिशातून काढले, आणि तिच्या पोटऱ्या हातात घेतल्या. चोळल्या नाहीत. नुसत्या धरून बसले.