चावून घेण्यासाठी शिवलेली बाही

मी एक जुनी बाही आहे. शर्टाची नव्हे. बाहेरून जाड ताग, आत चामडं, त्याच्याही आत कडक कवच, अशी बोटांपासून खांद्यापर्यंत चढणारी बाही. राखणीची कुत्री शिकवताना माणूस मला हातात घालतो आणि कुत्री माझे लचके तोडतात. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते ते केवळ रीत म्हणून. माझं माणसांशी पटत नाही आणि कुत्र्यांशी तर त्याहून नाही. जिने जन्मभर चावून घेतलं, तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला शिवताना शिवणाऱ्या बाईची सुई मोडली, तेव्हा तिने मला शिवी हासडली. माझ्याशी कुणी बोललेला तो पहिला शब्द! तिथून मी मास्तरांकडे आले. मास्तर ज्याला जसं हवं तसं कुत्रं तयार करून द्यायचे. एकट्या राहणाऱ्या नर्सबाईंना दाराशी नुसतं उभं राहणारं हवं होतं. औषधाच्या दुकानदाराला भुंकणारं, पण गिऱ्हाइकावर न भुंकणारं. प्रत्येकापायी मला वेगळ्या तऱ्हेने फाडून घ्यावं लागे. शाबासकी मात्र कुत्र्याला. "वा रे पठ्ठ्या!" म्हणत मास्तर त्याची मान खाजवायचे आणि मला लाळेसकट खिळ्याला अडकवायचे.

मग आला दोन भावांतला थोरला. त्याने मास्तरांकडून एक काळी कुत्री घेतली होती. तयार झाली म्हणून न्यायला आला, तो पिशवीतून एक वापरलेला शर्ट घेऊन.

"मास्तर, कुत्री झकास आहे. आता फक्त ह्या माणसावर तयार करून द्या."

"कुणाचा हा?"

"धाकट्या भावाचा. घराची वाटणी झाली तरी आईला भेटायचं निमित्त काढून माझ्या अंगणात घुसतो. एकदा फाडला की पुन्हा पायरी चढायचा नाही."

मास्तरांनी शर्ट परत पिशवीत कोंबला. "मी घर राखायला शिकवतो. भाऊ फाडायचा असेल तर तुमचे दात वापरा."

"राहू दे. ती बाही द्या, माझं मी बघतो."

"न्या. पण एक ऐका. बाही घालणारा आणि 'धर' म्हणणारा माणूस एकच नको. कुत्र्याचा घोळ होतो."

"मला शिकवू नका!"

आणि मास्तरांनी मला खरंच देऊन टाकलं. जुनी झाली होती म्हणे! तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

थोरल्याने शर्ट माझ्यावर चढवला. रोज सकाळी अंगणात तो "धाकट्याला धर!" असं ओरडायचा आणि स्वतःच उजवा हात पुढे करायचा. कुत्री झेपावली की थोडी ओढाताण करून हात अलगद काढून घ्यायचा. मी तिच्या तोंडात राहायचे आणि ती बक्षीस मिळाल्यासारखी मला अंगणभर फरपटवायची. शर्टाच्या तर लवकरच चिंध्या झाल्या. उरला तो थोरल्याचा हात. आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. तिथून ती ओरडायची, "अरे, सख्खा भाऊ आहे तुझा!" पण हा ढिम्म.

एके दिवशी आईला ताप भरला. धाकटा औषध घेऊन आला. मी दाराजवळच्या खुंटीवर लटकत होते.

"आलास? लाज नाही वाटत?"

"दादा, आईला ताप आहे. बाजूला हो."

"एक पाऊल पुढे टाक, मग बघ."

धाकट्याने टाकलं. थोरल्याने त्याच्याकडे हात रोखला आणि ओरडला, "धाकट्याला धर!"

तिने धरलं. रोज तो हुकूम आला की जो हात पुढे यायचा, तोच धरला. "सोड, सोड!" तो किंचाळत होता, पण इतक्या दिवसांत त्याने तिला सोडायला सांगितलंच कुठे होतं? हात निसटून आपल्या तोंडात राहील म्हणून ती बिचारी ओढत राहिली.

धाकटा पळून जाऊ शकला असता. मी असते तर गेले असते, वर दोन शिव्या हासडल्या असत्या. त्याने खुंटीवरून मला ओढलं आणि तिच्या जबड्याशी कोंबलं. तिने तो हात सोडला आणि मला धरलं.

आतून आईचा आवाज आला, "चावली का रे? धाकट्याला चावली?"

"नाही गं आई," थोरला जमिनीवर बसूनच म्हणाला. "मला चावली." आणि तो एवढा मोठा माणूस ढसाढसा रडायला लागला. मला मुळीच दया आली नाही.

कुत्रीला गोळी घाला, असं तो म्हणत होता. मास्तर आले, त्याच्याशी कडाकडा भांडले आणि तिला घेऊन गेले. मला मात्र कुणी नेलं नाही. मी ह्याच खुंटीवर धूळ खाते. थोरल्याचा हात बांधलेला आहे, बोटं वळत नाहीत. धाकटा आईला भरवतो, मग ताट घेऊन दादासमोर बसतो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

मित्रांनो, माझी धूळ झटका, मला ऊन दाखवा, असं मी म्हणणार नाही. हात लावलात तर टोचेन. पण त्या कुत्रीला बोल लावू नका. जी मुकी जनावरं तुमचं ऐकतात, त्यांना तुमची वैरं शिकवू नका. तुमची भांडणं तुमच्या तोंडाने भांडा.

आता निघा, आणि जाताना दार ओढून घ्या. धाकट्याने चमचा पुढे केला आहे, आणि तोंड उघडताना कुणी बघितलेलं थोरल्याला खपत नाही.